कुसुमच्या पातेल्यातला तांदूळ

१३ मे, मंगळवार
तिसरा अर्ज आज जिल्हा पुरवठा कार्यालयात दाखल केला. पोच घेतली, शिक्का पुसट उमटला होता, पुन्हा मारून घेतला. आवक खिडकीवरचा कारकून म्हणाला, "आजोबा, एवढं सविस्तर कोणी वाचत नाही." छत्तीस वर्षे मी सरकारी कार्यालयात इतरांचे अर्ज वाचले आहेत. कोणता अर्ज गठ्ठ्याखाली जातो आणि कोणता अधिकाऱ्याला खुर्चीतून उठवतो, हे मला त्याच्याकडून शिकायचे नाही.

अर्जात दोन मुद्दे. पहिला: सुरगाणा तालुक्यातल्या त्या पाड्याचा रेशन दुकानदार मधुकर लोकांचे अंगठे आधी घेतो, धान्य आठ-दहा दिवसांनी देतो आणि ते कमी देतो. दुसरा: गेल्या श्रावणात त्याने माझ्या पत्नीला, कुसुमला, मुलांच्या खिचडीसाठी दिलेल्या तांदळातून अकरा मुलांना विषबाधा झाली. पहिल्याने त्याला दंड होईल. दुसऱ्याने तो संपेल. मला दंडात स्वारस्य नाही.

परतताना नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा पाऊण तास अडकली. चिडचिड झाली नाही. बऱ्याच महिन्यांनी.

१७ मे, शनिवार
शनिवार, म्हणजे कुसुमचा, माझ्या कु.चा, परतण्याचा वार. निवृत्तीनंतर सात वर्षे ती दर गुरुवारी सकाळच्या एसटीने सुरगाण्याला जाई, तिथून जीपने पाड्यावर, आणि शनिवारी दिवेलागणीला परत. आषाढ ते भाद्रपद घरातली नागली संपलेली असते आणि नवी शेतात असते. त्या तीन महिन्यांत ती यमुनाच्या पडवीत चूल मांडून पाड्यावरच्या लहान मुलांना आठवड्यातून तीन दिवस पोटभर जेवू घाली. उरलेले चार दिवस यमुना चालवी. मी सात वर्षांत तीनदा गेलो. जीपमध्ये मळमळते, हे कारण मी देत असे. खरोखरच मळमळते. पण कारण ते नव्हते.

अश्विनीचा पुण्याहून फोन. "बाबा, आईच्या तीन शिरा बंद होत्या. डॉक्टरांनी तुम्हाला स्क्रीनवर दाखवल्या." दाखवल्या. त्या शिरांसह ती सात पावसाळे तो घाट चढली. ग्रामसभेनंतर मात्र नऊच आठवडे जगली.
"तुम्हाला दोष द्यायला कोणीतरी हवंय."
हवा होता. सापडला आहे, असे सांगून फोन ठेवला. नंतर वाटले, कठोर झालो. पुन्हा फोन केला नाही.

२० मे, मंगळवार
ग्रामसभेचे एकदा नीट लिहून ठेवतो. सुनावणीत तपशील लागेल.

मुले ग्रामीण रुग्णालयातून सुखरूप परतून पाच दिवस झाले होते. शाळेच्या पडवीत सभा. मी मागे, खांबाशी. कु.ला खुर्ची दिली होती, ती खाली बायकांत बसली. मधुकर उभा राहिला, पांढरा सदरा, खिशाला दोन पेने. म्हणाला, "शहरातल्या बाईला पुण्य कमवायचं होतं, पोरं आपली गेली असती. माझा तांदूळ सगळा पाडा खातो. माझ्या दुकानातनं निघाला तेव्हा चांगला होता. पुढं बाईंनी काय केलं, बाईंनाच विचारा."

ज्यांच्या मुलांचे शेंबूड तिने पदराने पुसले त्या बायका जमिनीकडे पाहत बसल्या. यमुनाही. 

कु. एवढेच म्हणाली: "तांदूळ माझ्या ताब्यात होता. चूक माझी."

जीपमध्ये मी विचारले, तू असे का बोललीस? ती म्हणाली, "खिडकी लावा, पाऊस आत येतोय." नंतर या विषयावर एक शब्द नाही. रात्रीचे जेवण तिने त्या दिवसापासून सोडले. गिळवत नाही, म्हणे. ऑक्टोबरात गेली.

मधुकरचे दुकान चालू राहिले. हे मी दररोज सकाळी उठल्यावर प्रथम आठवतो, म्हणजे ढिलेपणा येत नाही.

२२ मे, गुरुवार
पुरवठा निरीक्षकांसोबत पाड्यावर गेलो. तपासणीस अर्जदार हजर राहू शकतो, हे त्यांना मीच दाखवून दिले.

अंगठ्याचा दिवस होता. पाड्यात मोबाइलची रेंज नाही, म्हणून मधुकर मशीन घेऊन वरच्या टेकडीवर आंब्याखाली बसतो आणि सगळा पाडा चढून येतो. मशीनवर अंगठा लागला की कागदोपत्री धान्य दिले गेले. प्रत्यक्षात धान्य खाली, कुलपात. म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले, मशीन घेत नाही. यमुनाच्या सासूचा अंगठा मधुकर आपल्या रुमालाने पुसत होता, फुंकर घालत होता. "आजे, तुझा अंगठा सरकारला आवडत नाय बघ." लोक हसत होते. त्याच्याशी हसत होते.

निरीक्षकांनी विचारले, धान्य पूर्ण मिळते का?  एक म्हातारा म्हणाला: "मिळतं तेवढं मिळतं, साहेब." पुन्हा हशा. एकानेही जबाब दिला नाही. पहिला मुद्दा तिथेच, त्या आंब्याखाली गेला.

यमुना मला पाहून दोन पावले पुढे आली आणि थांबली. मी नमस्कार घेतला नाही.

निरीक्षक उतरताना म्हणाले, "दुसऱ्या मुद्द्याचा पुरावा काय? तांदळाचा नमुना नाही, काही नाही." मी कु.ची वही काढून दाखवली. तिच्या अक्षरात त्या दिवसाची नोंद: "तांदूळ मधुकरकडून, अर्धी गोणी. यमुनाकडे ठेवला." पहिल्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली आहे. निरीक्षकांनी दोनदा वाचले आणि चष्मा काढला. त्या चष्मा काढण्यावरून मला कळले, काम झाले.

५ जून, गुरुवार
निलंबन. आदेशाची प्रत हातात आहे. "मुलांच्या जीवितास धोका" हे शब्द माझ्या अर्जातून जसेच्या तसे उचलले आहेत. दुकानाला सील, मशीन जमा. पाड्याच्या शिधापत्रिका नदीपलीकडच्या दुकानाला जोडल्या. अंतिम निर्णय ११ जुलैच्या सुनावणीत: मी शपथेवर तक्रार कायम केली तर परवाना कायमचा रद्द.

आदेश कु.च्या फोटोसमोर ठेवला. नंतर उचलून फाइलमध्ये लावला; उदबत्तीने कागदाला डाग पडला असता.

८ जून, रविवार
मधुकरचा फोन. नंबर कुठून मिळवला ठाऊक नाही. आवाज वेगळा, ओलसर. "काका, मी बाईंना कधी नाय म्हटलं नाय. मागंल तेव्हा तांदूळ दिला. माझ्याकडनं चुकलं असंल सभेत, बोललो असंल. पाया पडतो. पण इख म्या नाय घातलं, काका."
मी त्याला शेवटपर्यंत बोलू दिले. कार्यालयात निलंबित शिपाई येत, तेव्हाही मी असेच करी. तो थांबल्यावर सांगितले, आपले म्हणणे लेखी द्यावे.

संध्याकाळी पोळ्या केल्या. चार खाल्ल्या. कु. गेल्यापासून प्रथमच चवीने.

२८ जून, शनिवार
आषाढ लागून दोन दिवस झाले. पाऊस थांबत नाही. पाड्यावरच्या शाळेतल्या तरुण शिक्षकाचा फोन. त्याच्याकडे माझा नंबर कु.मुळे आहे. म्हणाला, सर, तुम्ही एकदा येऊन जा. कशासाठी, विचारले. म्हणाला, फोनवर नाही सांगता येणार. मग तेही सांगितलेच: पलीकडच्या दुकानाला जायचा साकव पाण्याखाली आहे.

मला वाटले, आभार मानायला बोलावतात. हे इथे लिहितो, कारण खोटे कुठेच लिहायचे नाही असे मी स्वतःला बजावले आहे.

२ जुलै, बुधवार. पाड्यावर, शाळेच्या खोलीत
जीपमध्ये मळमळले. पाड्यात शिरताना कोणी ओसरीवरून उठले नाही. मधुकरच्या दुकानावरचे सील पावसाने भिजून लोंबत होते.

यमुनाच्या पडवीत कु.चे मोठे पातेले पालथे. चुलीवर दुसरेच काही शिजत होते: कडूकंदाचे काप. हा कंद रानातला. राख लावून उकडायचा, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, पुन्हा उकडायचा, तेव्हा त्याचे विष उतरते. घाई केली तर घसा सुजतो, उलट्या होतात. यमुना म्हणाली, एरवी तो भाद्रपदात, अगदी टेकीला आल्यावर काढतात. या वर्षी आषाढाच्या पहिल्या आठवड्यातच काढला. तिची चार वर्षांची चिंगी चुलीशी बसून विचारत होती, उतरलं का, आता उतरलं का.

पलीकडच्या दुकानाला पुलावरून वळसा घेतला तर सकाळी निघालेला माणूस दुपार टळल्यावर पोचतो, आणि अंगठा ज्याचा त्यालाच न्यावा लागतो. यमुनाच्या सासूला डोलीत घालून दोनदा नेले. एकदा रेंज नव्हती. एकदा मशीनने अंगठा घेतला नाही. तिथला दुकानदार फुंकर घालत नाही.

मी म्हटले, मधुकर चोर होता हे तरी तुम्हांला मान्य आहे ना?
यमुना चुलीत फुंकत होती. मान न वळवता म्हणाली: "चोर होता. पण आमच्या दारातला चोर होता, साहेब. तो चार घास खायचा, बाकीचं द्यायचा. तुम्ही समदंच बंद केलं."

हे कु.च्या ताटात जेवलेली बाई मला म्हणाली. मी उठलो. म्हणालो, कु.ला त्याने मारले. त्या सभेत तुम्ही सगळ्या जमिनीकडे पाहत होता. आता पोट रिकामे झाले तर मला का बोलावता?

 तिने चिंगीला बाहेर पाठवले, आणि सांगितले. ते उद्या लिहीन. 

३ जुलै, गुरुवार. नाशिक
ती म्हणाली ते, शक्य तेवढे तिच्याच शब्दांत:

"मधुकरशेठची गोणी फाटकी होती. रात्री पडवी गळली, तांदूळ भिजायला लागला. मी माळ्यावरनं दुसरी गोणी काढली. धनी दिंडोरीला द्राक्षाच्या बागंत छाटणीला जातो, तिथनं आणलेली. फवारणीच्या औषधाची रिकामी गोणी बागवाले फेकून देतात, आम्ही आणतो, लय घट्ट असती. ओढ्यात तीनदा धुतली होती. सकाळी बाईंनी पण वास घेतला. वास नव्हता. लालनिळं चित्र होतं गोणीवर, मला काय वाचता येतं?

"पोरं दवाखान्यात गेली तवा बाईंनी ती गोणी हातात घेऊन बघितली आणि चुलीत घातली. मला म्हणाल्या, तू काय बोलायचं नाही. तुझी पोर पण त्यातच आहे, तरी पोलीस तुला धरतील. मला म्हाताऱ्या बाईला कोण धरणार. आईची शपथ घातली मला."

म्हणजे ते वाक्य. चूक माझी. मी ते खांबाशी उभा राहून ऐकले आणि मला वाटले, बायको खचली.

आणखी एक विचारले: मधुकर खातो, हे तिला माहीत होते? यमुना म्हणाली, "माहीत नसायला काय? बाई म्हणायच्या, त्याच्या तोंडातला घास काढून पातेल्यात घालते मी. तक्रार केली तर तोंड बी बंद आणि पातेलं बी."

सात वर्षे. मला म्हणाली होती, तांदूळ मिळतो. कुठून, हे मी विचारले नाही.

संध्याकाळी टेबलाशी बसून यमुनाविरुद्ध तक्रार लिहिली. निष्काळजीपणा, पुरावा नष्ट करणे, सत्य दडवणे. दीड पानात. अलीकडे मी लिहिलेला हा सर्वोत्तम अर्ज आहे. एक खाडाखोड नाही. खणात ठेवला आहे.

६ जुलै, रविवार
आषाढी एकादशी. समोरच्या फ्लॅटमधल्या देशपांडे वहिनींनी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस असे चार वाट्यांचे ताट आणून दिले. "भाऊजी, उपवास मोडू नका हं." ताटावर झाकण ठेवून दिवसभर त्याच्याकडे पाहत बसलो. चिंगीचे "उतरलं का" कानातून जात नव्हते. शेवटी खाल्ले. भूक लागली होती. भूक माणसाला विचारून लागत नाही, हे वाक्य कु.चे. तेव्हा मला ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखे वाटे.

खणातला अर्ज काढून वाचला. प्रत्येक शब्द खरा आहे. यमुना एकटी दोषी. ती बोलली असती तर कु. ते ओझे घेऊन घरी आली नसती. मला तिचा राग येतो. मधुकरचा येतो त्याहून वेगळा आणि जास्त. तिच्यावर कु.ने माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला. हे लिहिले.

९ जुलै, बुधवार
पुरवठा कार्यालय. तोच आवक कारकून. आता मला चहा विचारतो. मी त्याला विचारले, तक्रारदाराने सुनावणीत दुसरा मुद्दा मागे घेतला तर? "तर काय, निलंबन उठेल. त्याच दिवशी मशीन परत. पण कारण लिहून द्यावं लागेल, आजोबा. अकरा पोरं आजारी पडलीत, विष मग आलं कुठून, ते साहेब विचारणारच."

मी पायऱ्यांवर येऊन थांबलो. कोणीतरी छत्री झटकली, अंगावर पाणी उडाले.

विष मधुकरकडून आले, असे शपथेवर सांगितले तर तो संपतो आणि पाडा श्रावणभर कडूकंद उकडतो.
यमुनाच्या गोणीतून आले, असे सांगितले तर पोलीस तिच्या दारात.
तिसरे एकच उत्तर उरते, आणि ते गेल्या वर्षी शाळेच्या पडवीत देऊन झाले आहे. तेच मी माझ्या हस्ताक्षरात, माझ्या सहीने, सरकारी फाइलमध्ये द्यायचे: तांदूळ माझ्या पत्नीच्या ताब्यात असताना बिघडला. म्हणजे मधुकर जे म्हणाला तेच. तो ती प्रत फ्रेम करून दुकानात लावील. आणि पुढच्या अंगठ्याच्या दिवशी पुन्हा चार घास खाईल, हसत.

कु., तुला हे सोपे होते. तू त्याच्यावर रागावलीच नव्हतीस.

मी रागावलो आहे. हा राग गेला तर या घरात दुसरे काय उरते, हे मला ठाऊक नाही. अश्विनीला फोन केला, हवापाणी बोललो.

१० जुलै, गुरुवार
दोन्ही शपथपत्रे टंकून आणली: एकात विष मधुकरकडून आले, दुसऱ्यात तांदूळ कु.च्या ताब्यात बिघडला. टंकलेखकाने विचारले, काका, एकाच प्रकरणात दोन? एक राखीव, म्हटले. यमुनाविरुद्धचा अर्जही फाइलमध्ये घेतला आहे. फाडलेला नाही.

११ जुलै, शुक्रवार. पुरवठा कार्यालयाचा व्हरांडा
पावणेअकरा. आमच्या आधी तीन प्रकरणे. ही वही सोबत आणली हे बरे.

मधुकर समोरच्या बाकावर. तोच पांढरा सदरा, खिशाला एकच पेन. बारीक झाला आहे. मला बरे वाटले. ते लपवले नाही. तो हात जोडून उठला. मी फाइल उघडली.

साडेअकरा. यमुना आली. शिक्षकाने तिला काल सुरगाण्याला सोडले; रात्र स्टँडवर काढून पहिल्या एसटीने आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. माझ्या शेजारी, पण बाकावर न बसता खाली बसली. म्हणाली, "मी सांगते साहेबाला गोणीचं. बाईंची शपथ मी मोडते. तुम्ही बसा."
चिंगीला कोण बघेल, विचारले.
"सासू हाय." थोड्या वेळाने: "किती वर्सं धरतात?"
मला उत्तर माहीत होते. माहीत नाही म्हटले. तिला सांगितले की आधी माझे नाव पुकारतील. मी आत असेपर्यंत तिने तोंड उघडायचे नाही. का, हे तिने विचारले नाही. कु.नेही तिला असेच सांगितले असणार.

पावणेबारा. मधुकरने डबा उघडला. तांदळाची भाकर, मिरचीचा ठेचा. वास व्हरांडाभर. यमुनाने तिकडे पाहिले नाही, भिंतीकडे पाहिले. कालपासून तिच्या पोटात काही नाही, हे मला तेव्हा लक्षात आले. मी फाइल, चष्मा, दोन पेने, पोचपावत्या, छत्री आणली आहे. खायचे काही आणलेले नाही.

मधुकरने भाकर मधोमध मोडली. उठून आला, माझ्या गुडघ्यांसमोर वाकून अर्धी तिच्या हातात दिली. "घे गं. एवढा बी भिकारी नाय झालो अजून."
तिने माझ्याकडे पाहिले. मी काय केले असते, ठाऊक नाही. तिने वाट पाहिली नाही. घेतली. खाऊ लागली, मोठाले घास, एकही कण न सांडता.

तो परत जाऊन बसला आणि उरलेली अर्धी स्वतः खाऊ लागला. माझा त्याच्यावरचा राग तसूभर कमी झालेला नाही. हे मी काळजीपूर्वक तपासून लिहीत आहे.

शिपायाने माझे नाव पुकारले. दोन्ही शपथपत्रे हातात आहेत, सही एकावरही नाही. ती अजून खात आहे.